बाबेलच्या नद्यांकाठचं गीत : स्तोत्र १३७ मंडळीत गायचं असेल तर

बायबलातल्या स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी बहुतेकांना चाल लावून गायला काही अडत नाही. १३७वं मात्र अडतं. बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, पाडाव करून नेलेल्या यहूदी लोकांचं, 'परक्या देशात आम्ही गाणार तरी कसे?' असं विचारणारंच ते गाणं आहे, आणि त्याचा शेवट तर असा की तो वाचताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. तरीही ख्रिस्ती गीतकारांनी आणि संगीतकारांनी या नऊ वचनांचा पिच्छा शतकानुशतकं सोडलेला नाही.

मंडळीत गीतं निवडणारे, ती बसवणारे आणि या स्तोत्रावर स्वतः चार कडवी लिहू पाहणारे, अशांसाठी हा लेख आहे. माझा कल सुरुवातीलाच सांगतो. स्तोत्र १३७वरचं कुठलंही गीत हातात आलं, की त्यानं शेवटच्या तीन वचनांचं काय केलं हे मी आधी पाहतो. ती गाळली असतील तर लगेच गीत बाद होत नाही. पण गाळली आहेत हे निवडणाऱ्याला ठाऊक हवं, आणि का गाळली हे त्याला सांगता यायला हवं.

पहिली पायरी : नऊच्या नऊ वचनं मोठ्यानं वाचा

मनात नको, मोठ्यानं. वाचताना कोण कोणाशी बोलतंय ते पेन्सिलीनं समासात लिहीत जा. पहिल्या चार वचनांत 'आम्ही' आहे: बसलो, रडलो, वीणा झाडांवर टांगल्या, आणि ज्यांनी पाडाव करून आणलं तेच 'सीयोनेचं (म्हणजे यरुशलेमेचं) एखादं गीत गा' म्हणून मागे लागले. पाचव्या-सहाव्यात एकाएकी 'मी' येतो. यरुशलेमेला विसरलो तर माझा उजवा हात आपलं कसब विसरो, माझी जीभ टाळूला चिकटो, अशी तो स्वतःवरच शपथ घालतो. हात आणि जीभ, म्हणजे वीणा वाजवणाऱ्याची आणि गाणाऱ्याची सगळी शिदोरी. सातव्यात तो परमेश्वराकडे वळतो आणि अदोमाच्या, म्हणजे यहूदाच्या शेजारच्या, लोकांची आठवण करून देतो. आठव्या-नवव्यात तो थेट बाबेलकन्येशी, म्हणजे बाबेल नगरीशी, बोलतो, आणि तिथं तो तान्ह्या लेकरांना खडकावर आपटण्याचा विषय आहे.

ही तीन वळणं कागदावर दिसली की निम्मं काम झालं. पुष्कळ गीतं नीरस वाटतात ती याच कारणानं: त्यांनी 'आम्ही'चा उमाळा तेवढा घेतला आणि 'मी'ची शपथ सोडून दिली.

मागचा इतिहास थोडक्यात. इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदातल्या लोकांना बाबेलला नेण्याचा मोठा फेरा झाला. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्यानं यरुशलेम आणि तिथलं मंदिर जाळलं. इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश यानं बाबेल घेतलं आणि परतीची वाट मोकळी झाली. स्तोत्रातल्या 'नद्या' म्हणजे फरात नदीच्या खोऱ्यातल्या कालव्यांचं जाळं. यहेज्केल संदेष्टाही असाच खबार नदीकाठी पाडाव झालेल्यांमध्ये होता. डोंगरावरच्या शहराची माणसं सपाट, पाणथळ मुलखात आणून बसवलेली, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा. चाल निवडतानाही ते उपयोगी पडतं.

आणखी एक. वीणा टांगल्या त्या झाडांचं 'वाळुंज' हे नाव वाचून अनेकांच्या डोळ्यांसमोर फांद्या लोंबणारा, जणू रडणारा वृक्ष येतो. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं त्या लोंबत्या झाडाला शास्त्रीय नाव देताना बाबेल जोडलं ('सॅलिक्स बॅबिलोनिका') ते याच स्तोत्राच्या प्रभावानं. पण ते झाड मूळचं चीनकडचं. तेव्हा लिहिताना 'झाडंही आमच्यासवे रडली' असल्या कल्पनेवर फार भार टाकू नका. स्तोत्रात झाडं रडत नाहीत, ती फक्त वीणा सांभाळतात.

दुसरी पायरी : गीतानं काय ठेवलं, काय सोडलं

एका पानावर एक ते नऊ आकडे उभे लिहा. गीताचं प्रत्येक कडवं कुठल्या वचनातून आलं ते त्यासमोर मांडा. कोरे राहिलेले आकडे खरी माहिती देतात. जुन्या रचनांवर हा प्रयोग करून पाहिला की डोळा तयार होतो, म्हणून काही नमुने देतो.

स्ट्रासबर्गच्या वोल्फगांग डाखश्टाइननं १५२५ मध्ये या स्तोत्राचं जर्मन गीत केलं. दहा ओळींचं एक, अशी पाच कडवी. त्यात एकही आकडा कोरा राहत नाही, खडकावरची लेकरंसुद्धा आहेत. धर्मसुधारणेच्या त्या पहिल्या पिढीला स्तोत्र सबंधच हवं होतं. पुढे गंमत अशी झाली की शब्दांपेक्षा चाल जास्त जगली. पाउल गेरहार्टनं १६४७ मध्ये ख्रिस्ताच्या दुःखसहनावर लिहिलेलं गीत याच चालीवर गाऊ लागले. १७२० मध्ये हॅम्बुर्गला वृद्ध ऑर्गनवादक राइनकेन यांच्यासमोर बाखनं याच चालीवर अर्धा तास उत्स्फूर्त वादन केलं, तेव्हा 'ही कला मेली असं मला वाटत होतं, ती तुमच्यात जिवंत आहे' अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढल्याचं बाखच्या मृत्युलेखात नोंदलेलं आहे.

इटालियन संगीतकार पालेस्त्रिनाची १५८१ मध्ये छापलेली लॅटिन रचना फक्त पहिली दोन वचनं घेते आणि वीणा टांगून थांबते. चार आवाज, पुढे काही नाही. हा अपुरेपणा नव्हे. वीणा टांगल्यावर थांबणं हाच तिचा अर्थ.

सर्वांत शिकण्याजोगी जोडी मला फिलिप द मोंते आणि विल्यम बर्ड या संगीतकारांची वाटते. द मोंते पवित्र रोमन सम्राटाच्या दरबारात होता. बर्ड प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये राहणारा कॅथलिक, आपल्याच देशात परका झालेला. १५८३ मध्ये द मोंतेनं त्याला याच स्तोत्रावरची आठ आवाजांची रचना पाठवली. वचनांचा क्रम त्यानं मुद्दाम बदलला होता: 'परक्या देशात कसं गावं' हा प्रश्न आधी आणि टांगलेल्या वीणा शेवटी. पुढच्या वर्षी बर्डनं आठच आवाजांत उत्तर धाडलं, तेही 'कसं गावं' या वचनापासूनच सुरू करून. दोघांनी स्वतःचा एकही शब्द घातला नाही. कुठून सुरू करायचं आणि कुठं थांबायचं, एवढ्यावरच सगळा संवाद झाला. तुम्ही कडव्यांचा क्रम ठरवाल तेव्हा हे ध्यानात ठेवा.

इंग्रज गीतकार आयझॅक वॉट्सनं १७१९च्या आपल्या स्तोत्रगीतांच्या संग्रहात १३७वं घेतलंच नाही. स्तोत्रांना ख्रिस्ताच्या शिकवणीच्या भाषेत बोलतं करायचं हे त्याचं धोरण होतं आणि हे स्तोत्र त्यात बसत नव्हतं. ती जागा अमेरिकेत टिमथी ड्वाइटनं १८०० साली भरून काढली. 'प्रभू, तुझ्या राज्यावर माझी प्रीती आहे' या आशयाचं त्याचं गीत आजही गातात आणि ते १३७व्या स्तोत्रावरचं आहे हे बहुतेकांच्या गावीही नसतं. त्यात ना बाबेल, ना नद्या, ना अश्रूंचा काठ. यरुशलेमेच्या जागी ख्रिस्ताची मंडळी आली. मुळात मात्र त्यात हात आणि जीभ यांची शपथ होती: तुझ्या लेकरांना आशीर्वाद द्यायला मी नकार दिला तर हे हात कसब गमावोत, हा आवाज विरून जावो. आजच्या अनेक संग्रहांनी नेमकी हीच कडवी वगळली. उरलं ते गोड गीत आहे, पण स्तोत्राशी असलेला त्याचा धागा तुटला.

शोधताना एक अडचण येते. ग्रीक आणि लॅटिन परंपरेत स्तोत्रांचे क्रमांक बराच काळ एकाने मागे चालतात, म्हणून जुन्या लॅटिन रचना आणि ऑर्थोडॉक्स उपासनेची पुस्तकं यांत हे स्तोत्र १३६ म्हणून सापडेल.

आणि हो, १९७० साली जमैकातल्या द मेलोडियन्सनी गायलेलं आणि १९७८ मध्ये बोनी एमनं जगभर पोचवलेलं गाणं कुणीतरी सुचवणारच. ते रास्ताफारी या जमैकातल्या धार्मिक परंपरेतून आलं आहे. त्यात पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या वचनांना १९व्या स्तोत्राचं शेवटचं वचन जोडलं आहे, म्हणजे शापाच्या जागी प्रार्थना. जोडणी म्हणून कल्पना नामी आहे. पण नाचायचा ठेका डोक्यात बसलेली मंडळी ते उपासनेत गंभीरपणे गाईल असं मला वाटत नाही.

तिसरी पायरी : सात ते नऊचा निर्णय

हा निर्णय सरावाच्या वेळी घाईत घेऊ नका. पाळकांशी आधी बसून बोला. परंपरेत तीन वाटा आहेत.

कॅथलिक चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर प्रहरप्रार्थनेची नवी मांडणी केली तेव्हा ही तीन वचनं तिच्यातून वगळली. तिथं स्तोत्र सहाव्या वचनावर थांबतं. ऑर्थोडॉक्स परंपरा उलट वागते. मोठ्या उपवासकाळाआधीच्या तीन रविवारी, उधळ्या पुत्राच्या रविवारपासून, हे स्तोत्र शेवटासह गातात. तिसरी वाट ऑगस्टीनसारख्या आचार्यांची: बाबेलची लेकरं म्हणजे मनात नुकत्याच जन्मलेल्या वाईट वासना, आणि खडक म्हणजे ख्रिस्त, त्या मोठ्या होण्याआधीच त्याच्यावर आपटा. ऑर्थोडॉक्स मंडळ्याही शेवट बहुधा याच अंगानं समजून घेतात.

प्रवचनात ही तिसरी वाट चालते. गीतात ती मला पटत नाही. प्रवचनकाराला उलगडून सांगायला वेळ असतो, गाणाऱ्याला ओळ संपेपर्यंतचाच. शिवाय इतकं पटकन रूपक केलं की मूळ किंकाळी ऐकूच येत नाही. यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया याच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले, असं दुसरे राजे २५व्या अध्यायात आहे. शेवटचं वचन अशा माणसांच्या तोंडचं आहे. ते तलवार उचलत नाहीत. ते देवापुढे ओरडतात. सूड घेणं माझं काम, असं प्रभू म्हणतो, ही रोमकरांस पत्रातली ओळ याला लागूनच वाचावी.

मी सुचवेन ते असं: सहा वचनं सर्वांनी गावीत, सात ते नऊ एकाच वाचकानं सपाट आवाजात, नाट्य न करता वाचावीत, आणि त्यानंतर लगेच मध्यस्थीची प्रार्थना व्हावी. मागे पेटीचा सूर धरू नका. मुलं मोठ्या संख्येनं असतील तर वाचनही टाळा, पण मग पाळकांनी दोन वाक्यांत सांगावं की स्तोत्र इथं संपत नाही.

चौथी पायरी : मराठीत बांधणी

परभाषेतल्या चालीत मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्व अक्षर लांबतं आणि दीर्घ आखडतं. 'यरुशलेम'सारखा शब्द तर हमखास फरफटतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि भजनाची वाट धरली, तिचा मोठा फायदा हा की शब्द आपल्या चालीनं चालतात. मोठ्या अभंगाचे चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा, चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. या स्तोत्राला तो साचा शोभतो, कारण शेवटचा चरण आखूड आहे. वाक्य पुरं होण्याआधीच श्वास संपल्यासारखा वाटतो.

उदाहरणादाखल पहिली दोन वचनं:

बाबेलच्या तीरी । आम्ही आसवांत ।
वीणा वाळुंजांत । टांगलेल्या ॥

यात क्रियापद नाही हे पाहा. 'बसलो', 'रडलो' घालायचा मोह होतो, पण मग चौथा चरण भरतीचा होतो. आता तिसरं आणि चौथं वचन:

नेणारे म्हणती । गा सीयोनगीत ।
परक्या मातीत । कसे गावे ॥

इथं मागणी आणि प्रश्न दोन्ही एकाच कडव्यात बसले. गाणारा बदलला तर आणखी बरं: पहिली ओळ एका आवाजात, दुसरी सगळ्यांनी. शपथेसाठी मात्र स्वतंत्र कडवं ठेवा आणि त्यात 'मी' येऊ द्या. लिहिणारे इथंही सवयीनं 'आम्ही' लिहून जातात आणि स्तोत्राचं मधलं वळण हरवतं.

शेवटच्या वचनांचा राग गाळायचा नसेल आणि जसाच्या तसा गायचाही नसेल, तर असं काही करता येतं:

आमचा हा राग । तुझ्या हाती, देवा ।
आम्ही का ठेवावा । उशापाशी ॥

हे स्तोत्राचं भाषांतर नव्हे, हे उघड आहे. तेव्हा छापताना 'स्तोत्र १३७वर आधारित' असंच लिहा. 'स्तोत्र १३७' एवढंच लिहिलं की वाचणाऱ्याची फसवणूक होते.

लिहून झालं की अक्षरं बोटांवर मोजा. जोडाक्षर एकच धरायचं. मग कागद बाजूला ठेवून दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. तो जिथं अडखळेल तिथं शब्द बदला, चाल नाही.

पाचवी पायरी : चाल आणि ठेका

अभंग आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात सहज बसतो. लय मात्र विलंबितच ठेवा. या स्तोत्राला चाल लावताना हात आपसूक जोगिया किंवा भैरवीकडे जातो, आणि त्यात काही गैर नाही. पण चारही कडवी एकाच करुण स्वरात भिजवली की शपथेचं कडवं नुसतं रडगाणं होतं. तिथं माणूस रडत नाहीये, तो दात-ओठ खाऊन बोलतोय. त्या कडव्याला सूर थोडा वर न्या, तबला थांबवा, टाळ बंद करा. टांगलेल्या वीणांच्या कडव्यालाही वाद्यं कमीच हवीत. वाद्यं बाजूला ठेवली असं गाताना पेटीवर लांबलचक तुकडे वाजवणं विनोदी दिसतं.

लहान गट असेल आणि एकामागून एक सुरू होणारं गाणं जमत असेल, तर फिलिप हेजची १७८६ची तीन आवाजांची चक्राकार रचना सरावाला उत्तम आहे. ओळी मोजक्या, शिकायला सोप्या, आणि तिसरा आवाज आत आला की काठावर बसलेला जमाव खरोखर उभा राहतो.

सहावी पायरी : बसवणं

सरावाला गाणं नंतर, वाचन आधी. गायकवृंदाला नऊ वचनं वाचून दाखवा आणि विचारा, कुठलं वचन तोंडातून निघत नाही? तिथं जी चर्चा होते ती चालीला वळण देते. मग फक्त ठेक्यावर शब्द म्हणून घ्या, सुराविना. त्यानंतर सूर. 'कसे गावे' हा प्रश्न असल्याचं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण भजनी वळणानं सगळे तो ठासून म्हणतात, जणू उत्तर सापडलंय. दोन आवाजांच्या वाटणीत 'नेणारे म्हणती'ची ओळ कुचेष्टेनं गायची नाही. मागणी साधीच असू द्या. करमणुकीसाठी गा म्हणणारा माणूस बहुधा हसतमुखच असतो. गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसनं ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टरच्या भाषणात हेच स्तोत्र श्रोत्यांपुढे वाचलं होतं. तुमच्या स्वातंत्र्याच्या उत्सवात मला बोलावता, म्हणजे पाडाव झालेल्यांना गा म्हणता, असा त्याचा रोख होता. गायकांना हे सांगितलं की ती ओळ कशी म्हणायची हे वेगळं शिकवावं लागत नाही.

सातवी पायरी : उपासनेत जागा

उपवासकाळ ही सर्वांत सोयीची जागा. कॅथलिक वाचनक्रमाच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या दुसऱ्या, म्हणजे 'ब' वर्षाच्या उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी हे स्तोत्र येतं. स्थलांतरित, निर्वासित यांच्यासाठी प्रार्थना असेल तिथंही ते बसतं. आधी किंवा नंतर काय वाचायचं हे महत्त्वाचं. यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं यिर्मया २९मधलं पत्र लगेच वाचलं की स्तोत्राला दुसरी बाजू मिळते: घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. एकाच बंदिवासाबद्दलचे हे दोन आवाज शेजारी ठेवावेत, एकानं दुसऱ्याला खोडू नये. परतीचा आनंद हवा असेल तर १२६वं स्तोत्र घ्या, पण त्याच उपासनेत अगदी शेवटी. १३७ संपता संपता १२६ सुरू केलं की पहिलं वाया जातं. तहानलेल्या हरिणीचं ४२वं स्तोत्र जोडायचा अनेकांना मोह होतो. दोन्ही लांब राहिलेल्यांची स्तोत्रं असली तरी ४२व्यात माणूस स्वतःच्या जिवाची समजूत घालतो. १३७व्यात समजूत नाही. एका दिवशी एकच पुरे.

'सीयोन' म्हणजे आपली मंडळी, असा अर्थ ड्वाइटसारखा घेणार असाल तर एक पथ्य पाळा: मग 'बाबेल' म्हणजे शेजारचे लोक, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होऊ देऊ नका. गीताआधीच्या दोन वाक्यांत ते स्पष्ट करता येतं.

लग्नात, वर्धापनदिनी, पाहुण्यांच्या स्वागताला हे गीत नको. घर सोडून आलेलं कुटुंब मंडळीत नवीन असेल, तर त्यांच्याकडे बोट दाखवून ते गाऊ नका. त्यांनाच आधी विचारा, त्यांना ते चालेल का, आणि त्यांच्या भाषेत या स्तोत्राचं काही गातात का. गात असतील तर त्या दिवशी गायकवृंदानं मागे बसून ध्रुवपद तेवढं धरावं.